जुना आय५ ठेवायचा की काढायचा? डीटीपीच्या टेबलावरून

माझ्या कामाच्या मशीनमध्ये इंटेलचा कोअर आय५-४५७० हा प्रोसेसर, म्हणजे सगळी आकडेमोड करणारा मुख्य भाग, आहे. चौथ्या पिढीतला, ‘हॅसवेल’ नावाचा. बाजारात आला जून २०१३ मध्ये, मी घेतला २०१४ च्या दसऱ्याला. चार कोअर (काम करणारे स्वतंत्र भाग), चार थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा), ३.२ गिगाहर्ट्झ, जोर लागला की ३.६ पर्यंत जातो. सोबत एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड. या एका मशीनवर मी सांगलीत घरबसल्या अकरा वर्षं अक्षरजुळणी केली आहे: लग्नपत्रिका, शाळांची वार्षिकं, पतसंस्थांचे अहवाल आणि दरवर्षी दोन-तीन दिवाळी अंक. २०२५ च्या उन्हाळ्यात मशीन रखडायला लागलं आणि त्याच सुमारास विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार असल्याच्या सूचना पडद्यावर येऊ लागल्या. १४ ऑक्टोबर म्हणजे दिवाळीच्या आठवडाभर आधी. आमच्या धंद्यात त्या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते. प्रोसेसर बदलायचा, आख्खं मशीन बदलायचं, की आहे तेच चालवायचं, हे ठरवायला मला बरेच महिने लागले. याच प्रश्नापाशी अडलेल्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

जूनमध्ये पहिली चौकशी केली. दुकानदाराने मॉडेल ऐकलं आणि म्हणाला, “ताई, चौथी पिढी? आता भंगारात घाला.” त्याचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय). मी घरी येऊन मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवलं, त्याने प्रोसेसरपाशीच नकार दिला. टीपीएमचा वेगळा तुकडा विकत घेऊन लावता येईल असं एकाने सुचवलं होतं, पण प्रोसेसरच यादीत नसेल तर त्या तुकड्याचा काही उपयोग नाही. हे पैसे घालवण्याआधी माहीत असलेलं बरं.

तरीही एक गोष्ट मनाला पटत नव्हती. विंडोज ११ चालत नाही हा एक प्रश्न आणि मशीन रखडतं हा दुसरा. दुकानात दोन्ही एकत्र करून सांगितले जातात. म्हणून जुलैमध्ये, अंकांचा मजकूर यायला लागायच्या आधी, मी ठरवलं की आधी मोजायचं आणि मग बोलायचं.

मोजायला काही विकत घ्यावं लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्स पानावर प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख दिसतात. प्रोसेसरच्या आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक कोअरचा आलेख वेगळा करून घ्या, त्यातून फार कळतं. मी नेहमीचं काम सुरू ठेवलं: इनडिझाईन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये अंकाची फाईल, बाजूला त्याच कामाचं जुनं पेजमेकर, ब्राउझरमध्ये मेल आणि लेखकांचे व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो. प्रोसेसर वीस-तीस टक्क्यांवर निवांत होता. मेमरी ८ जीबीपैकी ७.४ भरलेली. आणि डिस्क सतत १०० टक्के. मशीन रखडत होतं ते फिरत्या हार्ड डिस्कमुळे. मेमरी अपुरी पडली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर टाकतं, आणि तीच डिस्क आधीच धापा टाकत असते.

दुसरी मोजणी पीडीएफ काढतानाची. १६० पानांचा, चित्रांचा गेल्या वर्षीचा दिवाळी अंक घेतला आणि छापखान्याच्या सेटिंगने पीडीएफ काढला. एक मिनिट पन्नास सेकंद. तीच फाईल पेन ड्राइव्हवर घालून मावसभावाच्या ऑफिसात नेली. त्याच्याकडे बाराव्या पिढीचा आय५-१२४०० आहे, सहा कोअर आणि बारा थ्रेडचा. तिथे बावन्न सेकंद. म्हणजे नवा प्रोसेसर जवळपास दुप्पट वेगवान, हे खरंच आहे. पण मी एका अंकाचा अंतिम पीडीएफ किती वेळा काढते? चाचणीचे धरून दहा-बारा वेळा. उरलेला सगळा वेळ मी टाइप करत असते, मात्रा-वेलांट्या तपासत असते, जाहिरातदाराची वाट बघत असते. त्या वेळात दोन्ही प्रोसेसर माझ्या बोटांपेक्षा कितीतरी पुढे असतात.

मोजताना आणखी एक गोष्ट दिसली, ती महत्त्वाची ठरली. पीडीएफ निघताना चार आलेखांपैकी एकच वर चढलेला होता, बाकीचे तीन जवळजवळ जमिनीवर. मला आणखी एकाने सल्ला दिला होता, “मशीन बदलू नका ताई, नुसता आय७ टाका, जुना मिळतो.” आय७-४७७० याच सॉकेटमध्ये बसतो, त्याला आठ थ्रेड आहेत आणि मला तो ₹४,८०० ला सांगितला होता. पण माझं काम एकाच कोअरवर चालत असेल तर जादा थ्रेड रिकामेच बसणार. एका कोअरचा कमाल वेग ३.६ वरून ३.९ होणार, म्हणजे जेमतेम आठ टक्के. तेवढ्यासाठी पाच हजार घालावेत असं मला वाटलं नाही. तुमचं काम व्हिडिओ बनवायचं असेल तर हिशेब वेगळा, तिथे आठही थ्रेड कामाला लागतात. अशी अदलाबदल करणारच असाल तर बोर्डाच्या बायॉसची (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती आधी बघा. आय७-४७९० हा २०१४ चा आहे आणि त्याआधीच्या बोर्डांवर बायॉस अपडेट केल्याशिवाय तो उठत नाही. आणि एच८१ वर ४७९० मालिकेच्या पुढे वाट नाही, ती तिथेच संपते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मशीन उघडलं. तापमान दाखवणाऱ्या एका फुकट प्रोग्रॅममध्ये आकडा ९० च्या पुढे जात होता. हॅसवेलमध्ये १०० अंशांना प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, म्हणजे आम्ही त्या उंबऱ्यावर होतो. कूलरचा पंखा काढला तर खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धुळीची अखंड गादी बसलेली, बोटाने उचलली तर एक तुकडाच हातात आला. पंखा तिच्यावरून वारा घालत होता, पात्यांपर्यंत काही पोचत नव्हतं. कूलर सोडवल्यावर प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. मऊ कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नवी पेस्ट डाळीच्या दाण्याएवढी मधोमध ठेवली.

इंटेलच्या कूलरच्या चार प्लॅस्टिक खिळ्यांबद्दल सावध राहा. काढताना प्रत्येक खिळ्याचं डोकं बाणाच्या दिशेने फिरवायचं. बसवताना ते उलट फिरवून मूळ जागी आणायचं आणि समोरासमोरचे दोन-दोन खिळे दाबायचे. ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. मग बोर्डाच्या मागून बघायचं: चारही खिळ्यांची काळी टोकं पांढऱ्या नख्यांमधून बाहेर आलेली दिसली तरच कूलर बसला. एक जरी अर्धवट राहिला तर तापमान पुन्हा चढतं. बसवल्यावर तीच पीडीएफची चाचणी घेतली, आकडा ६८ च्या आसपास थांबला. पेस्टचे ₹२८०. त्याच वेळी बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर२०३२, ₹४० ला बदलली. मशीनचं घड्याळ मागे पडायचं आणि मग बँकेच्या साइट सुरक्षित नसल्याचा इशारा यायचा. तो त्रासही थांबला.

मग एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क. बोर्ड जुना असल्यामुळे हल्लीच्या एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडी त्याच्यावर थेट बसत नाहीत, साटा या जुन्या जोडणीची साधी अडीच इंची घ्यावी लागते. ५०० जीबीची ₹३,३५० ला मिळाली, जीएसटीच्या पक्क्या बिलासह. पक्कं बिल घ्याच, वॉरंटीला तेच विचारतात. एच८१ वर चार साटा पोर्टपैकी दोनच पूर्ण वेगाचे असतात, बोर्डावर त्यांच्याशेजारी ६जी असं बारीक लिहिलेलं असतं. एसएसडी त्यातल्या एकाला लावा आणि जुनी हार्ड डिस्क दुसऱ्या जोडीला. विंडोज नव्याने न टाकता जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल केली, कारण माझी जुनी फाँटची सॉफ्टवेअरं आणि त्यांचे डोंगल (सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावाव्या लागणाऱ्या किल्ल्या) पुन्हा जुळवायचं काम मला अंकांच्या तोंडावर नको होतं. नक्कल रात्री लावून झोपले. सकाळी मशीन अर्ध्या मिनिटात कामाला तयार. त्याआधी चहा होईपर्यंत थांबावं लागायचं.

मेमरी घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. या बोर्डाला लागणारी जुन्या प्रकारची मेमरी, डीडीआर३, आता बहुतेक जुन्या बाजारातच मिळते. स्वस्तात दिसणाऱ्या काही ८ जीबीच्या पट्ट्यांवर ‘फक्त एएमडीसाठी’ असं बारीक अक्षरात असतं, त्या इंटेलच्या बोर्डावर चालत नाहीत. एच८१ ला दोनच खाचा आणि कमाल १६ जीबी. दोन्ही पट्ट्या ८-८ च्या, १६०० च्या वेगाच्या, ₹१,७०० ला जोडी मिळाली. विकणाऱ्याला मी आधीच सांगितलं होतं की रात्रभर मेमटेस्ट हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम चालवणार आणि एक जरी चूक निघाली तर परत करणार. तो म्हणाला, “बिनधास्त लावा ताई.” चूक निघाली नाही.

शेवटचा खर्च एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा. या गोष्टीकडे सगळे दुर्लक्ष करतात. प्रोसेसर सहसा मरत नाही. मरतो तो वीजपुरवठा, आणि जाताना बोर्डाला किंवा डिस्कला घेऊन जाऊ शकतो. आमच्याकडे पावसाळ्यात दिवे किती वेळा ये-जा करतात ते सांगलीकरांना सांगायला नको. ४५० वॉटचा चांगल्या प्रतीचा ₹२,४५० ला घेतला. सगळं मिळून ₹७,८२० झाले.

याच काळात नव्या मशीनची दरपत्रकंही घेतली, नुसत्या एका बाजूने विचार नको म्हणून. पहिलं ₹३८,५०० चं, मॉनिटर सोडून. नीट वाचलं तेव्हा कळलं की त्यात विंडोजचा परवाना धरलेलाच नाही. दुसरं परवान्यासह ₹४१,२००. सप्टेंबरमध्ये जीएसटीचे दर बदलणार अशी चर्चा होती म्हणून थांबले होते, पण २२ सप्टेंबरला नवे दर आले तेव्हा संगणकावरचे १८ टक्के तसेच राहिले. तिसरा पर्याय मला सर्वांत विचार करण्यासारखा वाटला: ऑफिसातून निघालेलं, दुरुस्त केलेलं आठव्या पिढीचं मशीन, आय५-८५००, ₹१६,५०० ला, सहा महिन्यांची वॉरंटी. विंडोज ११ अधिकृतपणे चालतं, सहा कोअर. ज्यांना फक्त बिलं, मेल आणि टायपिंग करायचं आहे आणि ज्यांचं मशीन खरोखर मोडकळीला आलं आहे, त्यांनी नवं घेण्याआधी हे जरूर बघावं. अशा कंपनीच्या छोट्या डब्यांत एसएमपीएस आणि बोर्ड बहुधा त्यांच्याच मापाचे असतात, बिघडले तर बाजारातला साधा भाग बसत नाही. एवढं विचारून घ्या.

विजेचं गणितही केलं, कारण “जुना प्रोसेसर वीज खातो” हे वाक्य मला प्रत्येक दुकानात ऐकवलं गेलं. या प्रोसेसरवर ८४ वॉट लिहिलेलं असतं, पण तो आकडा पूर्ण भाराचा. प्लगमध्ये लावायचा मीटर मावसभावाकडे होता. माझं मशीन मॉनिटर सोडून, काम करताना सरासरी ५५ वॉट घेतं, त्याचं ३५ च्या आसपास. फरक २० वॉटचा. रोज दहा तास आणि महिन्याला सव्वीस दिवस धरले तर पाच युनिटच्या थोडं वर. आमच्या बिलात सगळे आकार धरून युनिट साधारण ₹१२ ला पडतं, म्हणजे महिन्याला साठेक रुपये. चाळीस हजारांचं मशीन या बचतीतून कधीच फिटणार नाही.

आता विंडोजचा प्रश्न. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरणाऱ्यांना विंडोज १० ची सुरक्षा अपडेट आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, घेण्याची सोय ठेवली. त्याला ईएसयू म्हणतात. अट अशी की विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी. स्टार्टमध्ये ‘विनव्हर’ टाइप केलं की आवृत्ती दिसते. नोंदणी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर असते. ती लिंक सगळ्यांना एकदम दिसली नाही, टप्प्याटप्प्याने आली. मी ऑगस्टपासून रोज सकाळी ते पान उघडून बघत होते आणि मनात धाकधूक होती की आपलं मशीन वगळलंय की काय. अखेर सप्टेंबरच्या मध्यावर ‘एनरोल नाऊ’ दिसलं. आधी ऑगस्टचं मासिक अपडेट टाकलेलं असू द्या, नोंदणीची खिडकी उघडून लगेच बंद पडण्याचा दोष त्यात दुरुस्त केला होता.

नोंदणीला मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. मी तोवर साध्या स्थानिक खात्यानेच मशीन वापरत होते. तीन वाटा दिल्या होत्या: सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर फुकट, रिवॉर्ड्सचे १,००० गुण, किंवा ३० डॉलरच्या हिशेबाने पैसे. मी पहिली घेतली. इथे एक काळजी घ्या. सेटिंग्जचा बॅकअप म्हणजे तुमच्या सगळ्या फाईली इंटरनेटवर पाठवणं नव्हे. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्सच्या फोल्डरचा बॅकअप बंद ठेवता येतो. माझ्याकडे लोकांचे अहवाल असतात, ते मला कुठे पाठवायचे नाहीत, आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर फुकट मिळणारी ५ जीबी जागा तर एका अंकाच्या चित्रांतच संपते. बटण दाबल्यावर दोन मिनिटांत काम झालं. त्या दिवशी मी खरोखर सुटकेचा श्वास सोडला, कारण अंकाचे मुखपृष्ठ छापखान्यात जायचं होतं आणि मशीनला हात लावायची गरज उरली नव्हती.

काहीजण विंडोज ११ आडवाटेने जुन्या प्रोसेसरवर टाकतात. हॅसवेलवर ते चालतंही. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि ज्या मशीनवर घर चालतं त्यावर मला ती जोखीम नको होती. त्याऐवजी लिनक्स मिंट २२ (विंडोजच्या जागी वापरायची फुकट प्रणाली) पेन ड्राइव्हवरून चालवून बघितलं, काहीही न टाकता. २०२९ पर्यंत त्याला अपडेट आहेत. मशीन चपळ वाटलं, इन्स्क्रिप्ट कीबोर्डने युनिकोड मराठी टायपिंग पहिल्या दिवसापासून झालं, ब्राउझर आणि लिबरऑफिस व्यवस्थित. पण पेजमेकरच्या जुन्या फाईली आणि डोंगलवाले फाँट तिथे येत नाहीत, आणि माझे निम्मे गिऱ्हाईक अजून त्याच फाईली पाठवतात.

प्रोसेसरचं वय जिथे खरंच जाणवलं तेही सांगते. संपादकांबरोबर पडदा दाखवत व्हिडिओवर मुद्रितं तपासताना चारही कोअर साठ-सत्तर टक्क्यांवर जातात आणि माउस अडखळतो. यातल्या ग्राफिक्सला व्हीपी९ आणि एव्ही१ या नव्या व्हिडिओ पद्धती स्वतःच्या बळावर उलगडता येत नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर येतो. यूट्यूबसाठी ब्राउझरमध्ये एच२६४ या जुन्या व्हिडिओ पद्धतीची सक्ती करणारं छोटं एक्स्टेन्शन टाकलं की फरक पडतो. बैठकीला मी आता फोन वापरते. शिवाय जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाऊन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले सुरक्षेचे दोष उघड झाले, त्यांच्या दुरुस्तीने हॅसवेल आणि त्याआधीचे प्रोसेसर काहींना मंदावलेले जाणवतील हे मायक्रोसॉफ्टनेच तेव्हा सांगितलं होतं. जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं ओळखून मजकूर करायचं काम मी मोठ्या प्रमाणावर घेणार असते, तर हा प्रोसेसर मी ठेवला नसता.

त्या वर्षीचे दोन्ही दिवाळी अंक वेळेवर गेले. दिवाळीनंतर सहज म्हणून पहिल्याच दुकानात जुनं दरपत्रक दाखवलं. १६ जीबी डीडीआर४ मेमरी ऑगस्टमध्ये ₹३,६०० ला धरलेली होती, ती डिसेंबरात ₹९,४०० झाली होती. जगभरात मेमरीचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळल्याने टंचाई झाली आहे. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने तर ‘क्रुशल’ हा आपला घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. भाव उतरेपर्यंत नवं मशीन बांधायला हा काळ वाईट आहे.

सध्याचं ठरवलेलं असं: आय५-४५७० ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे तसा चालणार. त्याआधी, म्हणजे पुढच्या अंकांचा मजकूर यायच्या आत, आठव्या पिढीचं किंवा त्यापुढचं दुरुस्त केलेलं मशीन घ्यायचं आणि मेल, बँक, युनिकोडची कामं तिकडे न्यायची. हे मशीन मात्र जाणार नाही. त्याची नेटची वायर काढून पेजमेकर आणि डोंगलच्या कामाला ते कायम ठेवणार, फाईली पेन ड्राइव्हने, व्हायरस तपासून. नवा एसएमपीएस आणि एसएसडी त्याच हिशेबाने घेतले होते. तुमच्याकडे चौथी ते सातवी पिढी असेल तर खरेदीला निघण्याआधी निदान डिस्कचा आलेख आणि तापमान बघून घ्या, आणि दरपत्रकात विंडोजचा परवाना आहे का ते विचारा.